केळीच्या चिकाने लिहिलेलं नाव

काल यावलला केळीचा घड उतरवताना बाहीवर चीक पडला. त्या तुरट वासाने मला थेट शिरपूरच्या मैदानावर नेऊन उभं केलं.

आमच्या फुटबॉल संघाला कुठल्याच संघटनेची मान्यता नव्हती. शर्टांवर आम्ही केळीच्या चिकानेच 'खान्देश' लिहिलं होतं. वाळून तपकिरी झालेली ती अक्षरं पाहून आयोजक सामन्याआधीच कोऱ्या शर्टांचा बांधलेला गठ्ठा घेऊन आले.

"खान्देश नावाचा जिल्हा नाही. हे घाला, नाहीतर बाहेर व्हा."

आमचा कप्तान, साक्रीचा गुलाब, दुसऱ्या दिवशी कामासाठी सुरतेला निघणार होता. त्याचा हा शेवटचा सामना. त्याने अंगातला शर्ट काढला. मला वाटलं, संपलं.

त्याने तो आयोजकांपुढे धरला. "धुई दखाडा, भाऊ. नाव निंघनं ते आम्ही तुमना शर्ट घालतस."

त्यांनी खरंच ओल्या रुमालाने घासून पाहिलं. अक्षरं हलली नाहीत. आम्हाला बाहेर काढलं.

न खेळताच हरलो, म्हणून तेव्हा मी रडलो होतो. आज बाहीवरचा डाग पाहताना आठवतं ते वेगळंच: कोऱ्या शर्टांच्या त्या गठ्ठ्याची गाठ आमच्यापैकी एकानेही सोडली नव्हती.