हीट प्रेसखालचा चीक

मंदीत आमची दुबईतली बांधकाम कंपनी बसली तेव्हा मी तिथे एस्टिमेटर होतो आणि माझा आताचा पार्टनर स्टोअरकीपर. मी पुण्याचा, तो रत्नागिरीकडचा मुसलमान. नोकरी एकाच दिवशी गेली नसती तर आमची मैत्री झालीच नसती. पुढे अल क्वोजमध्ये एक गाळा घेऊन आम्ही हीट प्रेसच्या तापलेल्या पाट्याखाली दाबून युनिफॉर्मवर लोगो छापायला लागलो. लायसन्स दोघांच्या नावावर होतं. एकाने माती खाल्ली तर दुसऱ्याचंही बिऱ्हाड उठणार, हे आम्ही दोघेही जाणून होतो.

सात-आठ वर्षं बरी गेली. मग दिवसभर प्रेसचा दांडा ओढून ओढून त्याच्या मणक्यातली गादी सरकली. गोळ्या झाल्या, पट्टा झाला, पण रात्रीची झोप गेली ती गेलीच.

दिवाळीच्या आधी एका सकाळी मी लवकर पोचलो, तर शटर अर्धं खाली आणि आत उग्र, हिरवट वास. त्याने नुकताच प्रेस उचलला होता. खाली शर्टाऐवजी बटर पेपरची घडी होती आणि तिच्या कडेला मधासारखं काहीतरी पाझरलं होतं.

"भाऊ, बघ, फणसाच्या चिकासारखा आलाय," तो म्हणाला.

घरच्या बाल्कनीत, मिरच्यांच्या मागे त्याने गांजाची दोन झाडं वाढवली होती. कोकणातल्या माणसाला रिकामी कुंडी बघवत नाही हे मला ठाऊक होतं, पण हे? फुलं वाळवून तो प्रेसखाली दाबत होता. एवढासा चीक घेतला की चार तास झोप लागते, असं त्याने अगदी साधेपणाने सांगितलं. वर स्वतःच्या लागवडीचं थोडं कौतुकही होतं.

माझं टाळकं सटकलं. माझी मुलगी दहावीत आहे, इथे याला थेट जेल आहे, मग डिपोर्ट, असं मी बरंच काही बोललो. शेवटी म्हणालो, "आत्ता फेक. झाडंसुद्धा. नाहीतर आपली पार्टनरशिप खलास."

त्याने वाद घातला नाही. माझा मात्र त्याच्यावर विश्वास नव्हता, म्हणून मी त्याच्या घरी गेलो आणि बाल्कनीच्या दारात उभा राहिलो. एक हात कमरेवर ठेवून त्याने झाडं उपटली, तुकडे केले आणि फ्लश करून टाकले. मी मदतीला वाकलो नाही. भाभींनी चहा आणला, तोही घेतला नाही. आपण दोन घरं वाचवली याचा मला चक्क अभिमान वाटत होता.

संध्याकाळी घरी बायको अनारसे थापत होती. मुलगी म्हणाली, "आई, खसखस इज बॅन्ड हिअर, लाइक ड्रग्ज, यू नो दॅट, राइट?" बायको म्हणाली, सगळेच आणतात. आमच्या आईने ती उन्हाळ्यात येताना वरईच्या पिशवीत घालून आणली होती. दिवाळीच्या पदार्थात कसला कायदा काढतेस, असं म्हणून मीच मुलीला गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी, दर वर्षीसारखा, मी अनारशांचा डबा गाळ्यावर नेला. सकाळपासून आम्ही कामापुरतंच बोललो होतो. त्याने दोन अनारसे खाल्ले, छान झालेत म्हणाला. मग टेबलावर सांडलेली खसखस त्याने बोटाने एकेक दाणा करत तळहातावर गोळा केली, बेसिनमध्ये सोडली आणि वरून बराच वेळ पाणी सोडलं.

"वहिनींना सांग, घरातली पिशवीपण ठेवू नका," तो हळूच म्हणाला. "पोरगी दहावीत आहे ना तुझी."

मला शरमेने वर बघवेना. तो कमरेला हात लावत उठला आणि त्याने पहिला शर्ट प्रेसवर सरळ केला. मी म्हटलं, थांब, दांडा मी ओढतो.