येणाऱ्यांचं दार

पूर्वी तिथे सहार नावाचं गाव होतं. विमानतळाला पुढे भारदस्त नाव मिळालं, पण आमच्या कोन गावात अजून सहारच म्हणतात. दादा आखातात कारकून होता. तो येणार म्हटलं की अर्धी आळी जीपमध्ये कोंबली जायची आणि आईच्या मांडीवर भाकरतुकडा असायचा. घरचा उंबरा येईपर्यंत तिला दम नसे. परदेशातली नजर परदेशाच्या दारातच उतरवायची, हा तिचा नियम. ती तिथेच त्याच्यावरून तुकडा ओवाळून टाकायची.

जुन्या इमारतीत सोडायला आलेल्यांनाही तिकीट काढून आत जाता येई. चहा पाणचट, पण काचेतून दादाची पाठ बराच वेळ दिसे. मग नवं टर्मिनल झालं. मोरपिसाऱ्यासारखे खांब, जुन्या मूर्तींनी भरलेली लांबच लांब भिंत, तान्ह्या बाळांसाठी खोली. हे मी माहितीपत्रकात वाचलं. आमच्या वाट्याला बाहेरचा कठडा. त्या भिंतीबद्दल विचारलं तर दादा म्हणाला, "सरकत्या पट्ट्यावर उभा असतो रे. बघेपर्यंत देव मागे गेलेला असतो."

यंदा दादा तिकडेच झोपेत गेला. पत्रकात नसलेली सोय तेव्हा कळली: मेलेला प्रवासी मालाच्या दरवाजातून बाहेर येतो, फुलांच्या आणि यंत्रांच्या खोक्यांबरोबर.

आईला हे सांगितलं होतं. तरी ती पदराखाली भाकरतुकडा घेऊन कठड्यापाशीच उभी राहिली.

"आई, पेटीचा ताबा तिकडे मिळणार, मालाच्या दरवाजाशी."

"मग तू जा. तो हितनंच येतो. मी हाय हितं."

सह्या करून मी पेटी रुग्णवाहिकेत चढवली. आई भाकरतुकडा घेऊन कठड्यापाशी उभी आहे, एवढं मी सांगितलं. निजामपुरा मोहल्ल्यातल्या ड्रायव्हरने गाडी येणाऱ्यांच्या दाराकडे वळवली. लगेच शिट्टी वाजली.

"इथे थांबायचं नाही," शिपाई म्हणाला.

ड्रायव्हरने उतरून मागचं दार उघडलं. "अम्मा का बेटा आया है, साब. नजर उतारेगी, फिर जाते."

शिपायाने आत पाहिलं आणि मागच्या टॅक्सीला हात करून थांबवलं.

आई पेटीशी आली. तुकडा हातात घेऊन थबकली. डोकं कुठल्या बाजूला, ते तिला कळेना. तिने माझ्याकडे पाहिलं. मलाही सांगता येईना.

मग तिने दोन्ही टोकांवरून ओवाळलं.