पहिल्या खेपेची सासू

नवी नाव पाण्यात उतरली की गयामामी आधी तिच्यावर थुंकायची. तोंडात कायम तंबाखू, त्यामुळे ते काही साधंसुधं थुंकणं नसे. "दिष्ट नको लागाया," म्हणायची. मग लुगडं सावरून, मिस्त्रीच्या नावानं बोटं मोडत आत चढायची आणि मधोमध बैठक मारायची.

मिस्त्री म्हणजे किसन मिस्त्री, तिचा जावई. गोदाकाठच्या त्या गावात त्याचा नावा बांधायचा कारखाना होता. कारखाना कसला, चार खांबांवरचे पत्रे. पण बैलगाड्या नदीपार नेणाऱ्या मोठाल्या नावा तिथूनच उतरत. मी मूळचा शहराच्या लष्करी छावणीतला सुतार. पोलीस ॲक्शननंतर तिथले जुने साहेब लोक पांगले आणि माझ्या नक्षीदार खुर्च्यांवर बसायला कोणी उरलं नाही, म्हणून इथं आलो. मामी फळ्यांच्या फटींत डांबरात भिजवलेला काथ्या ठोकायची. पहिल्याच दिवशी माझी कारागिरी न्याहाळून म्हणाली, "अरं छावणीवाल्या, हिला नक्षी नाय लागत. नाव हाय ही, कुर्सी नाय." तेव्हापासून मी तिच्या लेखी छावणीवालाच राहिलो.

गावाची रीत अशी, की नाव बांधणाऱ्याच्या सासूनं पहिल्या खेपेला पलीकडे जाऊन परत यायचं. ती सुखरूप आली, तरच गिऱ्हाईक नाव ताब्यात घेई.

"सासूच का? आई का नाही?" मी एकदा मामीला विचारलं.

"आईचं काय खरं? बुडाली तरी म्हणंल, गंगेला पाणीच लई व्हतं, लेकराची काय चूक? सासू बोंब मारती. अन् मला बुडवलं, तर माझी लेक ह्यांना भाकर वाढंल व्हय?"

गिऱ्हाइकांना हे अगदी पटायचं. मिस्त्रीला मात्र या रीतीचा मनस्वी राग, कारण जाता-येता मामी सगळ्यांदेखत त्याची लाज काढायची. "जावईबापू, ही फळी तुमच्यावानीच वाकडी हाय." तोही कमी नव्हता. तिचे गुडघे गेले, दमा लागला, तेव्हा म्हणाला, "मामी, वजन घटू दिऊ नका. हलकी सासू गिऱ्हाईक घेत नाय."

पुढे नदीवर पूल व्हायला लागला. खांब वर येत गेले तशी नावांची मागणी आटली. त्या हंगामात एकच नाव होती, खालच्या घाटाचा ठेका घेतलेल्या करीमभाईंची. ती त्यांनी नाकारली असती तर कारखान्याला टाळं लागलं असतं आणि आम्ही सगळे घरी बसलो असतो.

"अम्मा बैठे तो सौदा पक्का," म्हणत करीमभाई स्वतःही नावेत चढले. मिस्त्री आणि मी वल्ह्यांवर होतो. जाताना सगळं ठीक होतं. परतताना मामीच्या पायाशी एका जोडातून पाणी झिरपताना मला दिसलं. मिस्त्रीलाही दिसलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मामीनं खाली पाहिलं, जरा सरकली, लुगड्याचा घोळ खाली दाबला आणि त्या फटीवरच ऐसपैस बसली. मग तोंडाचा पट्टा सुरू.

"करीमभाई, ह्या माणसाला लेक दिली तितंच मी फसले. पर नावंत खोट काढून दावा बरं!"

करीमभाई काठ येईपर्यंत हसत होते. उतरल्यावर त्यांनी हात पुढे केला. "चलो अम्मा, उतरो."

"गुडघं धरलेत माझं. अन् आज अमुशा हाय, नाव द्याची नाय. परवा या."

अमावास्येला चांगला आठवडा होता. पण अम्मांपुढे कोण बोलणार? करीमभाई सलाम करून गेले. ते चढण चढून दिसेनासे झाल्यावर मिस्त्रीनं मामीला दोन्ही काखांत धरून उठवलं, तशी खालून पाण्याची चिळकांडी उडाली. म्हातारी कमरेपर्यंत भिजून कुडकुडत होती.

"माझ्याच हातचा काथ्या व्हता तितं," ती म्हणाली. "आता जोर नाय ऱ्हायला बोटांत. माझं काम माझ्याच बुडाखाली आलं. काय बोलायचं ते बोला."

मिस्त्रीनं आपलं घोंगडं तिच्या अंगावर टाकलं आणि स्वतः ती फट भरायला बसला. तिसऱ्या दिवशी करीमभाई नाव घेऊन गेले.

त्याच हिवाळ्यात मामी गेली. मला फार वाईट वाटलं. छावणीवाल्या म्हणून हाक मारणारं कोणी उरलं नाही. त्यानंतर मिस्त्रीनं नवी नाव बांधली नाही. कोणी विचारलंच, तर म्हणायचा, "बसवू कुणाला?"

पूल खुला झाला त्या दिवशी सगळं गाव त्यावरून मिरवत गेलं. मिस्त्री अलीकडच्या टोकाला उभा. पूल बांधणारे इंजिनिअर साहेब म्हणाले, "चला मिस्त्री, भिता काय?"

"साहेब, तुमच्या सासूबाई कुठं असत्यात?"

"नाशिकला. का हो?"

"बोलावून घ्या. त्या पलीकडं जाऊन आल्या की मग मी येतो."

सगळे खो खो हसले. मिस्त्री हसला नाही. घाट उतरून जुन्या नावेत चढला आणि मधली जागा मोकळी ठेवून, कडेला बसून वल्हं मारत पलीकडे गेला.