लुद्विकच्या बारा कविता

लुब्लिनच्या विद्यापीठात बोगुमिल वार्खाव यांना सगळे 'लुद्विकचे प्रोफेसर' म्हणत. कवी लुद्विक वारला तेव्हा त्याला कुत्रंही विचारत नव्हतं; पुढची वीस वर्षं लेख लिहून, भाषणं ठोकून बोगुमिलनीच त्याला मोठं केलं. आता कम्युनिस्टांचं राज्य गेलं होतं, समग्र कविता निघणार होत्या, प्रस्तावना अर्थातच त्यांची. पण ती काही केल्या कागदावर उतरेना. उतरणार कशी? चोराच्या मनात चांदणं!

एकोणसत्तर साली प्रकाशनाने लुद्विकचं हस्तलिखित त्यांच्याकडेच अभिप्रायाला धाडलं होतं. रीतच होती ती: अभिप्राय देणारा निनावी, सही कापून कागद कवीकडे. शेवटच्या बारा कविता सरकारला झोंबणाऱ्या, आणि बोगुमिलची बढती अडलेली. भित्र्या गड्याने लिहून टाकलं, 'या बारा फार कच्च्या आहेत.' पुस्तक बारगळलं. बढती मिळाली. त्या बारा पुन्हा कुणी पाहिल्या नाहीत.

सर्व संतांच्या दिवशी लुद्विकच्या थडग्यावर दिवे लावून ते नेहमीसारखे त्याच्या बायकोकडे, सालोमेयाकडे, चहाला गेले. आज सगळं ओकायचं आणि त्या बारा मागून घ्यायच्या, पुस्तकात पहिल्या छापायच्या, असं ठरवूनच.

"सालोमेयाबाई, तो अभिप्राय... माझा होता."

खसखशीचा रोल कापणारी तिची सुरी थांबलीसुद्धा नाही. "ठाऊक आहे की! कागदांना क्लिपऐवजी शिवणाची टाचणी टोचणारा अख्ख्या लुब्लिनात एकच प्रोफेसर, तुम्ही, शिंपिणीचं पोर. लुद्विकच्या बोटातून रक्त आलं, तर म्हणतो कसा, 'हा आपला बोगुमिल!'"

"आणि तरी वीस वर्षं मला चहा पाजलात?"

"मग काय विष पाजायचं होतं? तो नाही हो चिडला. म्हणाला, 'बोगुमिलला कविता कळते. तो म्हणतो म्हणजे कच्च्याच.' बाराच्या बारा चुलीत घातल्या, नकलांसकट."

बोगुमिलनी चहाचा कप खाली ठेवला. इतक्या वर्षांत त्या बारांच्या तोडीचं त्यांनी काही वाचलं नव्हतं. लुद्विकचंही नाही.

सालोमेयाने सुरी ठेवली. "कच्च्याच होत्या ना हो, प्रोफेसर?"

"हो," ते म्हणाले. "कच्च्याच होत्या."

तिने सुटकेचा निःश्वास टाकला आणि त्यांच्या बशीत आणखी एक काप वाढला. तोही त्यांनी संपवला.