एकशे बारा नंबरचा दगड

तमाम जनतेस, विशेषतः भोकरदन तालुक्यातल्या चहाबाजांस, जड अंतःकरणाने कळवतो की दगड ही विश्वास ठेवण्याजोगी वस्तू नाही. हे ज्ञान मला दांडगे सरांमुळे झालं. सर आता नाहीत. असते तर त्यांनी हे वाक्यही टेप लावून मोजलं असतं.

सर निवृत्त चित्रकला शिक्षक. आडनाव दांडगे, देह छत्रीच्या काडीएवढा. आमच्या नदीवरच्या जुन्या दगडी पुलाची दुरुस्ती निघाली, तेव्हा आधी एकेका दगडाचं माप घेऊन नकाशा काढायचं काम त्यांच्याकडे आलं. टेपचं दुसरं टोक धरायला मी. सर पुलावर चढताना चपला काढायचे आणि दगडाला टिचकी मारून कान लावायचे. मी "अंदाजे दोन फूट" म्हणालो की उसळायचे.

"अंदाजे म्हणजे काय? लग्न अंदाजे केलं होतं का?"

केलं होतं, पण ते सांगण्याची ती वेळ नव्हती.

आठ दिवसांत नकाशा झाला. फक्त कठड्यातला एकशे बारा नंबरचा दगड जागेवर नव्हता. शेजारच्या दगडांना लोखंडी पट्टी बसवायची खोल खाच होती. तशीच खाच असलेला दगड आम्ही पुढचे आठ दिवस रोज नदीपात्रात, बाभळीत, पार उकिरड्यापर्यंत धुंडाळला. नकाशावर सही झाल्याशिवाय गवंडी कामाला हात लावणार नव्हते, आणि सर सही करेनात.

"जन्मभर पोरांची अपुरी चित्रं परत केली. आता माझंच अपुरं देऊ?"

दमलो की पुलाच्या तोंडाशी शांताबाईच्या टपरीवर, गोणपाट टाकलेल्या बैठकीवर टेकायचो. सर चहा फुंकत कुरकुरायचे, "बाई, गिऱ्हाइकाला बसायला जरा नीट ठेवा. विजार अडकून दोनदा फाटली." शांताबाई एरवी तोंडाळ, पण यावर पातेल्यात बघत राहायची.

शेवटच्या संध्याकाळी गवंडी ताटकळत उभे. सरांनी टपरीवरच नकाशा मांडीवर पसरला, चष्मा उगाचच दोनदा पुसला आणि रिकाम्या चौकोनात लिहायला घेतलं, 'दगड हरव...'

शांताबाईनं गाळणी आपटली.

"लिहू नका, सर! जाऊ द्या, माझं गिऱ्हाईक उभ्यानं चहा पील. उठा आधी! आठ दिसांपासून त्याच्यावरच बसून राह्यलात!"