शिडी लावणारा माणूस

माझे बाबा विमानदलात होते आणि विमानाला शिडी लावायचे. हे वाक्य मी साठी ओलांडल्यावर पहिल्यांदा न लाजता लिहिते आहे. वालूरच्या शाळेत असताना मी सरळ सांगून टाकलं होतं की माझे बाबा पायलट आहेत. पोरांनी ते गावभर केलं. मग बाबा सुट्टीवर आले की पारावरची माणसं त्यांना अडवायची, "काय पायलट, कवा आलात? इमान कुठं ठिवलं?" बाबा हसायचे. "मी कशाचा पायलट? शिडी लावतो," म्हणायचे. लोकांना वाटायचं, गडी लय साधा आहे. मला वाटायचं, याहून बरं काही सांगता येत नाही का यांना?

त्यापुढे ते काही सांगायचेच नाहीत. कुठं असता? तिकडं, उत्तरेला. कोणतं विमान? उडणारं. फारच मागे लागलं तर म्हणायचे, "कुणाला सांगणार नाही म्हणून सही केलीय." आणि विषय संपायचा. आमच्या घरात अंगठ्याच्या जागी सही करणारा हा पहिला माणूस. आजीला वाचता येत नव्हतं, पण बाबांच्या पत्राखालची सही ती बोटानं चाचपून बघायची आणि मगच पत्र वाचायला माझ्याकडे द्यायची. अशा घरात केलेली सही म्हणजे केलेली सही.

सुट्टीत त्यांचं एक खूळ होतं. उन्हाळ्यात आई माळवदावर कुरडया वाळत घालायला चढायची. बाबा शिडी लावायचे, दोनदा हलवून बघायचे, मग खालच्या पायरीवर एक पाय रोवून उभे राहायचे ते आई उतरेपर्यंत. आई वरून ओरडायची, "आवो, मी काय पहिल्यांदा चढायले का? जावा, चा घ्या जाऊन."

"तू उतर आधी."

एकदा शेजारची मावशी म्हणाली, "भाऊजी, मी धरते शिडी, तुमी सावलीत बसा." बाबांनी दिली नाही. "मी लावलीय, मीच काढतो." मावशी पुढे आठवडाभर गल्लीत त्यांची नक्कल करून दाखवत होती. मीही हसले होते. त्या दुपारी आता इतक्या हव्याशा वाटतात की कुरडयांच्या चिकाचा आंबूस वास आला तरी मी स्वयंपाकघरात नुसती उभी राहते.

मी सहावीत असताना आजी आजारी पडली. बाबांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे काका, वालूरलाच शेती करायचे. त्यांनी सेलूला जाऊन बाबांना तार केली : आई सिरियस, ताबडतोब ये. आजी बुधवारी संध्याकाळी गेली. तोवर ती दाराकडं तोंड करून पडून होती, कुणी कुशीवर वळवलं तर परत वळायची. काकांनी गुरुवारी सकाळी उशिरापर्यंत माती थांबवून धरली. शेवटी लोक म्हणाले, आता पुरे. माती देऊन सगळे घरी आले आणि तासाभरात बाबा एसटीतून उतरले.

काकांनी त्यांना पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही. मी दाराच्या फळीला धरून उभी होते, म्हणून शब्दन् शब्द आठवतो.

"दादा, तार कवा भेटली?"

"सोमवारी सकाळी."

"अन् निघाला कवा?"

"मंगळवारी."

"सोमवारी निघाला असता तर ती जित्ती भेटली असती. सोमवारी काय करत व्हता?"

बाबा हाताकडं बघत राहिले.

"बोल की! शिडी लावत व्हता का?"

"हो," बाबा म्हणाले.

सख्ख्या आईची माती होऊन तास झाला नाही आणि हा माणूस धाकट्या भावाला उलटून बोलतो, असंच अंगणातल्या सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं. काका ओसरीवरून उठले आणि बाबांशी पुन्हा बोलले नाहीत. पुढे बाबा निवृत्त होऊन जिंतूरला घर बांधून राहिले, मी तिथल्याच शाळेत इतिहास शिकवू लागले. वालूर ते जिंतूर अंतर ते किती, पण काकांनी आमच्या घराची पायरी पाहिली नाही. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हा मी स्वतः फोन केला. काका म्हणाले, "त्यो आईच्या मातीला आला न्हाई. मी त्याच्या मातीला येनार न्हाई." आणि आले नाहीत. भावाशिवाय माती झाली. तो फोन मी काकांना माफ केला नव्हता.

मी निवृत्त झाल्यावर विमानदलातल्या जुन्या वैमानिकांच्या मुलाखती घ्यायला लागले, तेव्हा घरच्यांना वाटलं, बाईला रिकामपणाचा नाद लागला. मी सांगायचे, पुस्तक लिहायचंय. त्या काळी फार उंच जाऊन खालच्या मुलखाचे फोटो काढणारी काही विमानं होती. ती आपल्याकडे आहेत हे कुणी कबूल करत नसे. अशी विमानं उडवलेल्या म्हाताऱ्यांना मी शोधत होते. पुस्तक हे निमित्त. मला तो सोमवार हवा होता. तो सापडला असता तर काकांच्या पुढ्यात नेऊन आपटला असता, इतका राग माझ्यात होता.

पुणे झालं, नाशिक झालं, नागपूर झालं. चौदा जण भेटले. सगळे वयानं थकलेले, बोलायला भुकेले आणि सहीनं बांधलेले. "विमान भंगारात जाऊन जमाना झाला, पण..." इथं येऊन प्रत्येकजण थांबायचा. मग त्या 'पण'च्या पलीकडचं काढायला मी तासन् तास बसायचे. आकाश तिथून काळं दिसतं, दिवसाढवळ्या काळं, असं एकानं सांगितलं तेव्हा मी ते त्यांच्याकडून पुन्हा वदवून घेतलं. मात्र ते मेसमधल्या चहावर, तळावरच्या कुत्र्यावर, खालच्या पोरांवर घसरले की मी फोनचं रेकॉर्डिंग थांबवायचे. जागा वाया जाते म्हणून! आयुष्यभर मुलांना शिकवलं की इतिहास राजाचा नसतो, आणि स्वतः मात्र आभाळातल्या माणसांशिवाय कुणाचं ऐकून घेत नव्हते.

पंधरावे गृहस्थ परभणीत निघाले. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पत्नी गेल्यावर ते डॉक्टर मुलीकडं राहायला आले होते. व्हरांड्यात मोगऱ्याच्या कुंड्यांना पाणी घालत होते. मी नेहमीचे प्रश्न विचारले. किती उंच? ते हसले. कोणता तळ? पुन्हा हसले. तासभर मी नुसती हसणीच रेकॉर्ड केली.

"मॅडम, रागावू नका, मी सही केली आहे," ते म्हणाले. "पण शिडीवर कुणी सही घेतली नव्हती. शिडीचं सांगू का?"

माझं बोट सवयीनं रेकॉर्डिंग थांबवायला गेलं होतं. ते तसंच राहिलं.

"वर जायच्या आधी खिसे रिकामे करायचे. अंगठी, पाकीट, घरचं पत्र, सगळं. ओळख पटेल असं अंगावर काही ठेवायचं नाही. ते सगळं शिडीवाल्याकडे. तोच आपल्याला आत बसवणार, पट्टे आवळणार आणि शिडी काढणार. त्या पोरांचा आपसात एक रिवाज होता, कागदावर कुठंच नव्हता. ज्यानं शिडी काढली, परत आल्यावर त्यानंच ती लावायची. दुसऱ्यानं हात लावला तर वर गेलेला परत येत नाही, असं मानायचे. आम्ही हसायचो. पण मनातून आम्हीही मानायचो.

"माझा शिडीवाला तुमच्याच भागातला होता. त्या तळावर माझ्याशी मराठी बोलणारा तो एकटा. एकदा वर असताना बिघाड झाला, मी भलत्याच तळावर उतरलो. कुठं आहे, जिवंत आहे की नाही, हे खालच्या पोरांना सांगायची परवानगी नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आलो. हा शिडी घेऊन उभा. वर चढला, माझे पट्टे सोडले, खाली आल्यावर माझं घड्याळ हातात दिलं. ते चालू होतं. चावीचं घड्याळ, मॅडम. ह्यानं चावी देऊन ठेवली होती. 'सर, घड्याळ,' एवढंच बोलला आणि गेला. आठवड्यानं मला दुसऱ्या एकाकडून कळलं की त्याच्या खिशात आदल्या सकाळपासून तार होती. आई आजारी असल्याची. साहेब त्याला म्हणाले होते, तू नीघ, शिडी दुसरा कुणी लावेल. तर म्हणाला, त्यांना उतरू द्या आधी."

त्यांनी कुंडीतलं एक सुकलेलं पान खुडलं. मग म्हणाले, "त्याला आई भेटली की नाही हे मी कधी विचारलं नाही. धाडसच झालं नाही."

"नाही भेटली," मी म्हणाले. "ती माझी आजी."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग त्यांनी हात जोडले. अशा वेळी रडू येईल असं मला वाटलं होतं, पण आला तो राग. बाबांचाच राग. इकडं आजी दाराकडं बघत होती आणि तुम्ही परक्या माणसाच्या घड्याळाला चावी देत होता? परभणी ते जिंतूर मी एसटीत बाबांशी मनातल्या मनात भांडत आले. बोरी गाव मागे पडल्यावर कधीतरी मला ते माळवदाच्या शिडीशी उभे दिसले, उन्हात, खालच्या पायरीवर पाय रोवून. मग मात्र रडले. शेजारच्या बाईनं मला पाण्याची बाटली दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वालूर गाठलं. खरं सांगते, मी जिंकायला गेले होते. काका ओसरीवर तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसले होते. पाठीला बाक आलेला, चष्म्याला दोरी बांधलेली.

"जयभीम काका."

"ये बाई. बस."

मी नमनाला घडाभर तेल घातलं नाही. फोन त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि रेकॉर्डिंग लावून दिलं. मी म्हणाले, "ऐका, सोमवारी बाबा काय करत होते ते."

काका शेंगा सोलत ऐकत होते. घड्याळाचं आलं तेव्हा त्यांचा हात थांबला. "उतरू द्या आधी" झालं, "ती माझी आजी" झालं, रेकॉर्डिंग संपलं. मी वाट बघत होते की आता ते मान खाली घालतील आणि मला बरं वाटेल. त्यांनी मान खाली घातली. मला काडीचंही बरं वाटलं नाही.

"त्यानं सांगितलं व्हतं गं," काका म्हणाले.

"काय?"

"म्या इचारलं, शिडी लावत व्हता का. त्यो हो म्हनला. खरं तेच सांगितलं व्हतं त्यानं मला. मलाच ते टोमन्यावानी लागलं."

त्या अंगणात मीही होते, मीही तेच समजले होते, आणि पन्नासेक वर्षं काकांना एकट्यालाच दोष देत आले होते. मी तसं म्हटलं. त्यांनी हातानंच 'राहू दे' केलं.

"लाकडाची व्हती का लोखंडाची?" त्यांनी विचारलं.

"काय, काका?"

"शिडी."

मला माहीत नव्हतं. पंधरा मुलाखती झाल्या, हा प्रश्न मी कुणालाच विचारला नव्हता. मी तिथूनच परभणीला फोन लावला, माझ्यासोबत कोण आहे ते सांगितलं आणि फोन काकांच्या कानाला लावला. पलीकडचं मला ऐकू येत होतं. शिडी ॲल्युमिनियमची होती, पिवळा रंग दिलेली, थंडीत तिला हात लावला की चटका बसायचा, म्हणून तुमचे भाऊ हाताला फडकं गुंडाळायचे. काका प्रत्येक वाक्याला "जी" म्हणत होते. मग म्हणाले, "साहेब, मी त्याच्या मातीला गेलो न्हाई."



"मी पण नाही आलो," साहेब म्हणाले. "मला कळलंच नाही हो."

काकांनी फोन मला परत दिला. मांडीवरच्या शेंगा सुपात ओतल्या, भिंतीला धरून उठले आणि आत जाऊन धुतलेलं धोतर नेसून आले. दोन वर्षं उशीर झालाय, काका, असं मी बोलून दाखवलं नाही. ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

"जिंतूरची गाडी किती वाजता हाय?" त्यांनी विचारलं.