बुलडोझर आणि मूठभर सूत

रविवारी घरात एक गंमत झाली.

डायनिंग टेबलवर माझा बुलडोझर उभा होता... खरा नव्हे, वीतभर लांबीचा. मॉडेल बनवणं हा माझा छंद. चाळिशीतली बाई डोझर रंगवत बसते म्हणून आख्खी सोसायटी मला हसते, हसू दे.

पण हा डोझर खास. बाबांनी आयुष्यभर असाच चालवला, मोहोळकडे कालव्यांच्या कामांवर. ते जाऊन बरीच वर्षं झाली आणि आई त्यांच्याबद्दल फारसं बोलत नाही. हे बघून तरी बोलेल, एवढीच माझी आशा होती.

म्हणून मला नुसती चकचकीत गाडी नको होती, मेंटेनन्सचा दिवस हवा होता. इंजिनचं झाकण उघडं, शेजारी ऑइलचा डबा, आणि साखळीपाशी उकिडवं बसून ग्रीस मारणारे बाबा.

मग डोक्यात किडा शिरला... ऑइल नेमकं गळतं कुठून? ग्रीसला चिकटलेला चिखल कसा दिसतो? स्क्रीन थांबवून थांबवून व्हिडिओ पाहिले. गंजाला गेरू वापरला, ऑइलच्या डागांसाठी काळ्या रंगात वॉर्निश घातलं, ग्रीस गन इंजेक्शनच्या सुईची केली. काय मजा आली सांगू!

आईला बोलावलं. तिनं चष्मा वर-खाली केला, "छान हाय की," म्हणाली आणि मेथी निवडायला गेली. माझं तोंड एवढंसं झालं.

थोड्या वेळानं परत आली, जुडी हातातच. "आणि हात कशानं पुसायचे त्यांनी?"

मला काही कळेना. मग ती खुर्ची ओढून बसली. बाबा डोझरवर होते तेव्हा ती टॉवेलच्या कारखान्यात कामाला होती, हे मला माहीत होतं. पण मागावरचं वाया गेलेलं सूत ती सुपरवायझरला विचारून मूठभर घरी आणायची आणि बाबा सकाळी हात पुसायला ते मागच्या खिशात कोंबून निघायचे, हे मला नवीनच होतं.

"सूत इसरलं की अर्ध्या वाटेतनं परत यायचे. लई चिडायचे!" आणि एकटीच हसत बसली. किती दिवसांनी...

मग तिनं जुन्या टॉवेलच्या कडेचे धागे ओढले, वाती वळते तसे बोटांत वळले. माझ्याच चिमट्यानं ते बाबांच्या खिशात बसवले.

धागे फारच स्वच्छ दिसत होते. मी काळा रंग लावायला ब्रश उचलला, तर तिनं माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. सकाळचं हाय ते... आत्ताच दिलंय मी."

मी ब्रश ठेवून दिला. मला रडूच आलं, खरं सांगते.

फोटो सोबत टाकलाय. डोझरवर चिखल, गंज, ग्रीस सगळं आहे... खिशातलं सूत तेवढं कोरं आहे. कुणी विचारायच्या आत सांगते, ते रंगवायचं राहिलेलं नाही.